हेमंतचा ॲम्प आणि धवलारणीचं आवतण

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यांतला नाही. इथले अनुभव मी आवडीने वाचतो, पण वाचताना मनात वायरिंग तपासत असतो... दिवा आपोआप लागला? लूज कनेक्शन असेल. अलिबागला माझं ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि आमच्या धंद्यात भूत म्हणजे न सापडलेला फॉल्ट, बस. तरी हे लिहितोय, कारण हा फॉल्ट मला सापडला नाही — आणि दुरुस्तही मी केला नाही.

माझा मित्र हेमंत, थळचा कोळी. एरवी बोटीवर जायचा आणि लग्नसराईत आमच्या बेंजो पार्टीत गिटार वाजवायचा. त्याच्यासाठी आम्ही दोघांनी मिळून व्हॉल्व्हचा, जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, गिटार ॲम्प बनवला होता. बाकीच्या ॲम्पना तो पत्र्याचे डबे म्हणायचा. आवाज वाढवला की ॲम्पचा सूर फाटतो, आणि हेमंतला तो फाटलेलाच हवा असायचा, पण गोड. "सूर भाजूदे, पन करपवू नको," असं मला बजावायचा.

दोन वर्षांपूर्वी त्याची बोट वादळात गेली. बाकीचे सापडले, हेमंत सापडला नाही. त्याच्या बायकोने, नंदावहिनीने, ना कुंकू पुसलं, ना त्याचे दिवस करू दिले. जे पाहिलं नाही ते मानायचं कसं, असं तिचं म्हणणं. तिच्याशी वाद घालायची कुणाची हिंमत नव्हती, माझीही नाही.

यंदा त्यांच्या मुलीचं, प्राचीचं, लग्न ठरलं. तिने हट्टच धरला — हळदीला बाबांचा ॲम्प वाजला पाहिजे, आणि बाबांच्या वेळचाच आवाज निघाला पाहिजे. नाहीतर वाजंत्रीच नको. ॲम्प आला माझ्या टेबलावर.

खाऱ्या हवेने आत हिरवा थर धरला होता. सगळं घासूनपुसून साफ केलं, व्हॉल्व्ह बदलले, जुने कपॅसिटर काढले, बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधला करंट, लावून घेतला. आवाज आला, पण प्रत्येक सुराच्या शेपटाला एक कोरडी चरचर... तापल्या तेलात बांगडा सोडावा तशी. ती मारायला एक बारका कपॅसिटर टाकला, तर चरचरीबरोबर सुराचा जीवही गेला. काढून टाकला. स्पीकर बदलून पाहिला, काही फरक नाही. प्राची ऐकून गेली आणि म्हणाली, "काका, ह्यो बाबांचा आवाज न्हाय." मला राग आला, ॲम्पचा आणि खरं सांगायचं तर तिचाही.

हळदीच्या दिवशी तसाच ॲम्प घेऊन मांडवात गेलो. सकाळी वाजवून पाहिला, तीच चरचर. कुणीतरी मोबाईलवर रेकॉर्डही केलं. दुपारी धवलारीण बसली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — आमच्याकडे लग्नाचे धवले गाणारी बाई आधी देवांना आवतण देते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. बोलावल्याशिवाय ती येत नाहीत म्हणतात. व्हॉल्व्ह तापलेले राहावेत म्हणून ॲम्प मी चालूच ठेवला होता, त्याची बारीक सूं मागे चालली होती.

आजा झाला, पणजा झाला, चुलते झाले. धवलारीण पुढे सरकणार तेवढ्यात नंदावहिनी म्हणाली, "माज्या पोरीचे बापाचा पन नाव घे."

त्याला गेलेल्यांत धरू द्यायला ती आजवर तयार नव्हती. वहिनी नवऱ्याचं नाव घेत नाही, म्हणून धवलारणीने प्राचीकडे पाहिलं. प्राचीने नाव सांगितलं. धवलारणीने ते गाण्यात घेतलं, बाकीच्यांसारखंच.

त्याच क्षणी ॲम्पची मघापासूनची सूं बसली. मला वाटलं, गेला एखादा व्हॉल्व्ह. तपासायला म्हणून ॲम्पला जोडलेल्या गिटारची तार छेडली. सूर उठला, जरासा फाटला आणि गोल होत विरून गेला. चरचर नाही. नॉबला मी हात लावला नव्हता.

मांडवातल्या लाइटिंगमुळे व्होल्टेज पडलं असेल, म्हणून तिथेच मीटर लावला. सकाळी मोजलं होतं तितकंच होतं, आणि बायसही तोच. नंतर दुकानात उघडून पाहिला, सगळं मी ठेवलं तसंच. ॲम्प आजही तसाच गोड वाजतो. मनाचे खेळ म्हणाल, तर सकाळचं आणि दुपारी धवले चालू असताना कुणी केलेलं, दोन्ही रेकॉर्डिंग माझ्याकडे आहेत. धंद्यातले मित्र म्हणतात, तू मध्ये सेटिंग बदललंस. नाही बदललं हो...

ती चरचर घालवायला मी इतका झटलो, आणि ती गेली तेव्हा लगेच पुन्हा तार छेडायला मी धजलो नाही. कारण आवतण कुणाला दिलं होतं ते मला कळत होतं.

वहिनी उठून ॲम्पजवळ आली. "भावजी, काय केला याला?"

काहीच केलं नाही म्हणून सांगितलं. तिने ॲम्पच्या गरम लाकडावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"मंग आला तं," ती म्हणाली, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा रडली.