चाँदभाईंचे नऊ ॲम्प

पौडच्या बाजारपेठेत चाँदभाईंचं मिक्सर, पंखे आणि टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक फळी, फळीवर उघडी पडलेली यंत्रं आणि त्यांच्यामागे चष्मा कपाळावर चढवून बसलेले चाँदभाई. मिक्सर टाकून गेलेल्या बाईला ते चार दिवसांनी या म्हणतात आणि आठव्या दिवशी देतात. पण एखादा माणूस गिटारचा लाकडी ॲम्प घेऊन आला, की ते आधी स्टूल पुसतात, मग चहा सांगतात.

हा ॲम्प म्हणजे शिलाई मशीनच्या झाकणाएवढा लाकडी डबा. पुढे जाळी, वर चामड्याची मूठ, माथ्यावर तीन-चार बटणं आणि पोटात वीतभर स्पीकर. वीज नसली तरी बॅटरीवर चालतो. गिटार जे कुजबुजते ते हा गावाला सांगतो. चाँदभाईंकडे असे आठ होते. त्यांची बायको मैमुना त्यांना खोकी म्हणायची.

"घरात माणसं तीन आन् खोकी आठ," ती शेजारणींना सांगायची. "एक फ्रीजवर, एक तांदळाच्या पिंपावर. निकाहाचा आल्बम काढायचा तर दोन खोकी उतरवायला लागतात. मग मी म्हणते, ऱ्हाऊ दे. बघण्यासारखं काय हाय त्यात."

हे डबे यायचे मुख्यतः माणहून. तिथल्या नथूने भाताच्या खाचरावर बारा खोल्या चढवल्या होत्या आणि त्यात कंपन्यांतली पोरं राहायची. या पोरांचा क्रम ठरलेला. नोकरी लागली की गाडी, मग गिटार, मग ॲम्प, मग बंगळूरला बदली. गाडी बंगळूरला जाते, गिटारही जाते, ॲम्प मागे राहतो. नथूचा फोन यायचा, "चाँदभाई, घिऊन जा बाबा. पोरगं पळालं आन् डबा ठेवून गेलं." एक ॲम्प कासार आंबोलीच्या बंगल्यातून आला होता. तिथल्या साहेबांना निवृत्तीनंतर संगीत शिकायचं होतं. तो पोचवायला आलेल्या ड्रायव्हरबरोबर बाईसाहेबांचा निरोप होता, दुरुस्त झाला तरी परत पाठवू नका.

रोज संध्याकाळी चाँदभाई एकेक ॲम्प पुढ्यात घेऊन वाजवायला बसायचे. लाकूड हलकं की भारी, आवाज कोरडा की ओला, हे त्यांना डोळे मिटून कळायचं. निदान पूर्वी कळायचं. गेली तीन-चार वर्षं मात्र प्रत्येक ॲम्पची एकच तक्रार होती. घरी येताना नव्याच्या नवलाईत ठणठणीत वाटायचा, आणि महिन्याभरात वरचे सूर गिळायला लागायचा. तारेची धार जायची. आवाज गोधडीखालून आल्यासारखा.

चाँदभाईंनी आधी मुळशीच्या हवेला दोष दिला. इथल्या पावसात माणसाचे सांधे फुगतात, तिथे लाकडाचं काय. मग कपॅसिटर बदलले, स्पीकर बदलले, सोल्डर पुन्हा मारलं. काही फरक नाही. शेवटी ट्रेबलचं बटण, म्हणजे आवाजाला धार देणारं बटण, दहावर नेऊन ठेवायचं आणि नथूच्या फोनची वाट बघायची. आयुष्यभर दुसऱ्यांच्या यंत्रातले दोष काढलेला माणूस, तो दोष यंत्रातच शोधणार.

"अवो, कानात सुया घालताय व्हय?" मैमुना स्वयंपाकघरातून ओरडायची.

"तुला काय कळतंय ट्रेबलमधलं!"

"ट्रेबलमधलं नसंल कळत, पर कान हायेत मला."

यावर मुलगी रुही हसायची आणि काहीतरी काम काढून मैत्रिणीकडे जायची.

यंदा मात्र चाँदभाई खरोखर धास्तावले होते. बुद्धपौर्णिमा दहा दिवसांवर आली होती. कोळवणच्या विहारात त्या दिवशी ज्ञानदेव गातो आणि त्याच्या डाव्या हाताला चाँदभाई गिटार घेऊन बसतात, ही एकतीस वर्षांची रीत. दोघं पूर्वी बेंजो पार्टीत होते. वरातीच्या ट्रकवर ज्ञानदेव माइकपाशी आणि चाँदभाई भोंग्यांखाली. पार्टी मोडली, ट्रक भंगारात गेला, पण कोळवणची ही एक जागा राहिली होती. आता तिच्यावरही डोळा होता. कमिटीतला प्रदीप गेल्या साली म्हणाला होता, "काका, आवाज जमंना झालाय. पुण्याचा कीबोर्डवाला सांगू का?" तेव्हापासून चाँदभाईंना एकच घोर. चांगला ॲम्प मिळाला नाही, तर ही जागा गेली.

नथूने नववा ॲम्प दिला तो कोरा होता. जाळीवरचं प्लॅस्टिकसुद्धा निघालं नव्हतं. चाँदभाईंनी बटण दहावर नेलं, तार छेडली आणि खाली मान घातली. "ह्योबी मुकाच," ते म्हणाले.

पूर्वी आवाज कसा यायचा ते तरी ताडून बघावं म्हणून त्यांनी रुहीला गेल्या सालचा व्हिडिओ लावायला सांगितला. ज्ञानदेवच्या मुलीने, पायलने, तो तेव्हाच पाठवला होता, पण त्यांनी कधी पाहिला नव्हता. स्वतःचं वाजवणं बघणं म्हणजे त्यांच्या मते आरशासमोर बसून जेवणं. त्या दिवशी पाहिला आणि आवाजाचं विसरूनच गेले. चाँदभाई तारा जुळवायला खाली वाकले होते आणि तेवढ्यात ज्ञानदेवचा हात हळूच मागे आला. स्टुलावरच्या ॲम्पचं ट्रेबलचं बटण त्याने पार खाली फिरवलं आणि साळसूदपणे माइकपाशी जाऊन उभा राहिला.

"पुन्हा लाव," चाँदभाई म्हणाले. रुहीने चार वेळा लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ते कोळवणला निघाले. मांडीवर नववा ॲम्प, पायाशी गिटार, खिशात रुहीचा फोन आणि डोक्यात आग. आपलाच माणूस आपला आवाज मारतो! ज्ञानदेव अंगणात बियाण्याचं भात वाळत घालत होता. चाँदभाईंनी नमस्कार न करता फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"ज्ञाना, ह्यो हात कुणाचा हाय?"

ज्ञानदेवने बघितलं. "माझा."

"कुटं हाय?"

"तुझ्या डब्यावर."

"किती साल चाललंय हे?"

"तीन."

"तीन साल! माझ्या बायकोनं हात लावला तर मी घर डोक्यावर घेतो, आन् तू—"

अनुसयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, पोरं कान झाकत हुती. म्हातारी माणसं उठून चालली हुती. ह्यांनी तरी काय करायचं?"

"ॲम्प खराब होता वयनी. सगळेच खराब निघाले, नशीब माझं."

"ॲम्प चांगला हाय, चाँद," ज्ञानदेव म्हणाला. "सगळे चांगले हायेत. नऊच्या नऊ."

त्याने नवा ॲम्प ओट्यावर ठेवला, गिटार जोडली आणि बटण शून्यावर नेलं. "आता ऐक," म्हणाला आणि सगळ्यात बारीक तार छेडली. मग तीच तार छेडत बटण थोडं थोडं वर नेत गेला. दोन, चार, सहा. सहाला भातात चोची मारणाऱ्या कोंबड्या लांब झाल्या. आठला अनुसयाबाईंनी पदर कानांवर घट्ट दाबला. दहाला गोठ्यातलं वासरू दाव्याला हिसके द्यायला लागलं. चाँदभाईंना शून्यापासून दहापर्यंत तार एकसारखी ऐकू येत होती. गोधडीखालून.

दुकानात ही तपासणी त्यांनी हजार वेळा केली असेल. एक बाजू तशीच ठेवायची, दुसरी बदलायची, दोष कुठे आहे ते आपोआप कळतं. ते ओट्यावर बसले. कोंबड्या परत आल्या, तरी त्यांना कुणी हाकललं नाही.

"भोंगे," शेवटी ज्ञानदेव म्हणाला. "वीस वर्षं त्यांच्याखाली उभा ऱ्हायलास."

"लग्नं लोकांची झाली," चाँदभाई म्हणाले, "कान माझे गेले."

ज्ञानदेवने बटण परत शून्यावर आणलं.

"यंदाबी बस तू. बटणाचं मी बघतो."

चाँदभाई उठले. पाणी तसंच राहिलं. परतीच्या एसटीत ते ऐकत बसले. इंजिन ऐकू येत होतं, गियर ऐकू येत होता. कंडक्टर दोरी ओढत होता, घंटा मात्र लाकडावर टिचकी मारावी तशी वाजत होती.

घरी मैमुनाने ताट वाढलं. भाकरी वाढताना तिचा हात पुढे आला, मागे गेला. चाँदभाई तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

"ह्या बांगड्या वाजत न्हाईत व्हय?"

"वाजतात की," ती म्हणाली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिने हात पदराखाली घेतला. त्या दिवसापासून तिने खोक्यांवरून टोमणा मारला नाही, आणि त्याचंच चाँदभाईंना जास्त लागलं.

पौर्णिमेला ते गेले. जाऊ नये असं दोनदा ठरवून गेले. मांडव भरला होता. त्यांनी ॲम्प स्टुलावर न ठेवता स्वतःच्या पुढ्यात ठेवला आणि सगळ्यांदेखत ट्रेबलचं बटण शून्यावर नेलं.

गाणं सुरू झालं. ज्ञानदेव काळी चारच्या उंच पट्टीत गायचा. त्या पट्टीला चाँदभाईंचा हात आपोआप बारीक तारांकडे जायचा. आज तो गेला नाही. ते खालच्या दोन जाड तारांवरच राहिले. तेवढ्याच त्यांना पुऱ्या ऐकू येत होत्या. चाल ओळखीची, पण विहिरीच्या तळातून यावी तशी. पहिलं कडवं एकाचं वर आणि एकाचं खाली असं लोंबकळत गेलं. प्रदीपने कपाळाला हात लावला. दुसऱ्या कडव्याआधी ज्ञानदेव थांबला, खाकरला आणि थेट काळी दोनमध्ये उतरला. ती पट्टी त्याची नव्हती. आवाज जाडाभरडा लागला, वरच्या जागा गेल्या, टाळ्या घेणाऱ्या ताना गेल्या. पण दोघं एका सुरात होते. तशीच पाचही गाणी झाली.

नंतर वायर गुंडाळताना प्रदीप आला. "काका, यंदा लई जड वाटलं हो गाणं."

"गळा बसलाय माझा," ज्ञानदेव चटकन म्हणाला.

"गळा धड हाय त्याचा," चाँदभाई म्हणाले. "कान माझे गेलेत. पुढच्या साली तुझा कीबोर्डवाला सांग."

प्रदीपने एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाला, आणि खुर्च्या मोजायला गेला.

"गप बसायला काय झालं हुतं तुला?" ज्ञानदेव चिडून म्हणाला.

"तीन साल तू गप बसलास. बास झालं की."

स्टँडपर्यंत ॲम्प ज्ञानदेवनेच उचलला. दोघांनी वाटेत भाताच्या बियाण्याबद्दल दोन वाक्यं बोलून घेतली. एसटी आली, चाँदभाई खिडकीशी बसले. गाडी सुटता सुटता ज्ञानदेव खालून काहीतरी म्हणाला. एरवी चाँदभाईंनी मान हलवून वेळ मारून नेली असती. आज त्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं.

"ऐकू आलं न्हाई. परत बोल."

"पोचल्यावर फोन कर म्हणलं!" ज्ञानदेव ओरडला, अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"करतो," चाँदभाई म्हणाले.