चंद्राबाईचं विसण

काचेइतकी घाण वस्तू दुसरी नाही. बावीस वर्षं मी स्लायडिंगच्या खिडक्या बसवतोय, कर्जत-खोपोली रस्त्यावर पळसदरीच्या पुढे माझं दुकान आहे, तेव्हा हे बोलायचा मला हक्क आहे. भिंतीवर घाण पडली तर भिंत ती पोटात घेते. काच नाही घेत. पण शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या लोकांना भिंती नकोच असतात, त्यांना अंथरुणातून डोंगर दिसायला हवा. मग बारा-बारा फुटी काचा लावायच्या, रात्रभर दिवे जाळायचे आणि सकाळी त्या काचांवर चिकटलेले पतंग, पाकोळ्यांची शीट, वटवाघळांनी चघळून टाकलेल्या फळांचा चोथा, कोंबडी भाजल्याचे तेलकट ओघळ, वाढदिवसाच्या केकचं क्रीम, असलं सगळं तसंच सोडून रविवारी संध्याकाळी गाडीत बसायचं. एकदा तर ओकारीसुद्धा होती, आतल्या बाजूनं. शी!

ते सगळं पुसायची चंद्राबाई.

चंद्राबाई म्हणजे माझा मित्र सदू याची बायको. वय पन्नाशीच्या पुढे, नेमकं किती ते तिलाही ठाऊक नाही. माहेर कोंडाण्याच्या लेण्यांच्या पायथ्याचं, सासर साजगावजवळ. भाताच्या लावणीत तिच्या शेजारी उभं राहायला बायका नाखूश असायच्या, कारण तिचे हात असे चालायचे की शेजारची उगाच आळशी दिसे. तांदळाच्या पिठाची वाफाळती उकड ती थेट हातानं मळायची. बाकीच्या बायका फुंकर मारत, पाण्यात बोटं बुडवत बसायच्या, तोवर हिची पहिली भाकरी तव्यावर. तिच्या हातांचं आम्हा सगळ्यांना कौतुक होतं. नंतर त्या कौतुकानंच आमचे डोळे झाकले.

सदू वीस वर्षं साजगावच्या एका कारखान्यात बॉयलरवर होता. कारखाना बंद पडला तेव्हा त्यानं जुना टेंपो घेतला, त्यात काळी टाकी बसवली, छोटा पंप लावला आणि लांब दांडीच्या टोकाला ब्रश. बंगल्यांच्या काचा धुण्याचं काम सुरू झालं. उंचावरचं सदू करायचा. खालचं, कोपऱ्यांचं, स्लायडिंगच्या खाचांमधलं, म्हणजे जिथे पाली चेंगरून वाळलेल्या असतात तिथलं, चंद्राबाई करायची. बोअरच्या पाण्याचे पांढरे डागही तीच काढायची. लॉनवर पाणी उडवणाऱ्या त्या फिरत्या नळ्या रोज काचांवर शिंतोडे मारतात, आणि ते डाग साबणाला ऐकत नाहीत. त्यांना ॲसिड लागतं.

ॲसिडचा पहिला कॅन तिला मीच दिला. नव्या काचेवरचं सिमेंट काढायला माझी माणसं तेच वापरायची. "वैनी, फडक्यावर घ्या आन् घासा, दोन मिंटांत साफ," असं मी म्हणालो होतो. हातमोजे माझ्याच दुकानात खिळ्याला टांगलेले होते. ते काढून द्यावेत एवढी अक्कल मला त्या दिवशी सुचली नाही. पुढे सदूनं आणून दिले, तर दोन दिवस घालून तिनं काढून ठेवले. मोज्यात फडकं निसटतं म्हणे.

पहिल्या वर्षी तिच्या बोटांना चिरा पडल्या. पिठात मीठ घातलं की तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. नखं पिवळी पडली, कातडी पापुद्र्यांनी सुटायला लागली. दुसऱ्या वर्षी मात्र तिची तक्रार थांबली. आम्हाला वाटलं, हात रुळले. आम्ही दोघंही असे बैलोबा की त्याचा आनंद मानला.

सदूला तरी ते हात बघवत नव्हते, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस तो दुकानात आला आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. त्यात परदेशातली एक गाडी होती, आत पाणी तापवायचं यंत्र आणि नळीतून येणारं गरम पाणी. गोरा माणूस हसत हसत काच धूत होता.

"जना, गरम पाण्यानं समदं निघतंय बघ. ॲसिड बंद करायचं. हिचे हात संपायच्या आत बंद करायचं," सदू म्हणाला.

"अरे पण डाग? ते कसे निघतील?"

"गरम पाण्यात चिंचेचा कोळ. तिनंच सांगतलं. तांब्याची भांडी कशानं निघतात रं?"

मी आधी घरातला विजेचा गीझर इन्व्हर्टरच्या बॅटरीवर लावून पाहिला. पाणी कोमट व्हायच्या आत बॅटरीनं मान टाकली. दुसऱ्या दिवशी सदू गोणपाटात गुंडाळून काहीतरी जड घेऊन आला. बघतो तर त्याच्या आईचा तांब्याचा बंब!

मी कपाळावर हात मारला. टेंपोत बंब पेटवून फिरायचं म्हणजे लोक हसतील, फाटकावरचा वॉचमन हाकलून देईल, असं सगळं त्याला ऐकवलं. तो ढिम्म हलला नाही. वीस वर्षं वाफेशी संसार केलेला माणूस तो, त्याला आगीचं भय मी काय घालणार? शेवटी केलं. अँगलची चौकट वेल्ड करून बंब चारी बाजूंनी जखडला, खाली दुहेरी पत्रा आणि विटा घातल्या, टपाला भोक पाडून धुराडं बाहेर काढलं. बंबाची तोटी एका ड्रममध्ये सोडली. त्या ड्रममध्ये कडत पाण्याला विसण घालायचं, हवं तेवढं कोमट झालं की पंपानं ते नळीत चढवायचं. गाडी उभी असतानाच पेटवायचा, हा नियम सदूनं स्वतः घातला.

"ड्रमला एक काटा बसवू," मी म्हणालो. "पाणी किती तापलंय ते दिसंल. तुझ्या बॉयलरला होता तसा."

सदू एवढा हसला की त्याला ठसका लागला. "विसणाला काटा? येडा का खुळा तू? घरात बाई असताना विसणाला काटा कोन लावतंय रं?"

मीही हसलो. खोटं कशाला सांगू. आमच्याकडे आंघोळीचं विसण बाईच घालते, पाण्यात हात बुडवते आणि "घ्या" म्हणते. आपण तांब्या सरळ डोक्यावर ओततो. पाणी कसं आहे हे आजवर एकाही पुरुषानं तपासलं नसेल.

चंद्राबाईनं बंबाला हळदीकुंकू लावलं, नारळ फोडला आणि त्याचीच करवंटी पहिली आत टाकली. सदूचा चेहरा त्या दिवशी बघायला हवा होता. माणूस नव्या घरात पाऊल टाकताना असतो तसा दिसत होता. "आता तू ॲसिडला हात लावायचा नाय," तो तिला म्हणाला. ती हसली, आणि हात पदराखाली घेतले.

महिनाभर बंब झकास चालला. चिंचेच्या कोळानं डाग निघायचे, गरम पाण्यानं तेलकट ओघळ सुटायचे. चंद्राबाई टेंपोत बसून ड्रममध्ये हात घालायची, "हं, सोडा" म्हणायची, आणि सदू पंप चालू करायचा.

डिसेंबरात कोंडाण्याच्या वाटेवरच्या एका बंगल्यावर आम्ही तिघंही होतो. मी खाच दुरुस्त करायला, ती दोघं काचा धुवायला. डोंगराच्या सावलीतला बंगला, सकाळचे आठ वाजलेले, काचा दवानं भिजून गार पडलेल्या. ती मोठी काच मीच बसवली होती. टफन, म्हणजे गरम-गार सोसणारी काच, घ्या म्हणून मी मालकीणबाईंच्या मागे लागलो होतो, त्यांनी साधीच बसवून घेतली होती. आदल्या रात्री तिथे पार्टी झालेली. काचेवर कुणीतरी हातानं केक फासला होता, खाली हाडकं, आणि बंगल्याचा राखणदार पदू तोंड वाकडं करून ती झाडूनं गोळा करत होता.

थंडी म्हणून पदूनं प्रेमानं बंगल्यातली सुकी सागाची लाकडं आणून दिली होती. बंब त्या दिवशी भलताच पेटला.

"हं, सोडा," टेंपोतून आवाज आला.

सदूनं ब्रश काचेला लावला. वाफेचा लोट उठला आणि दुसऱ्याच क्षणी टक् असा आवाज झाला. खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यापर्यंत काच तडकली.

मालकीणबाई गाऊनवर शाल ओढून धावत बाहेर आल्या. "काय केलंत हे? अहो, काय केलंत!"

मी टेंपोकडे पळालो. चंद्राबाई ड्रमशी बसली होती, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात. ड्रममधून वाफा येत होत्या. मी बोट बुडवलं आणि ओरडून बाहेर काढलं.

"वैनी, हात काढा! आधी हात काढा!"

"का वो भावजी? गार हाय का?"

तिनं हात बाहेर काढला. लालबुंद झाला होता, आणि बोटांच्या मागे फोड टरारून वर येत होते. ती त्यांच्याकडे बघत बसली. तोंडातून साधं हाय-हुय नाही. सदू माझ्या मागे येऊन उभा होता. त्यानं टाकीतल्या गार पाण्याची नळी तिच्या हातावर धरली.

"तुला लागत नाय?" त्यानं विचारलं.

"नाय."

"कवापासून?"

"गेल्या कापणीला विळा लागला तवा रगत बघून कळलं. त्याच्या आदीपासून आसंल."

"मंग विसण कसं घालायचीस गं?"

"तांबे मोजून. बंबातली एक बादली पडली की गार पान्याचे सा तांबे. हात नुसता तुमाला दिसायला. आज पानी लईच तापलं आसंल."

"बोलली का नाय मंग?"

चंद्राबाईनं मान खाली घातली. "तुमी येवड्या हौशीनं बंब बसवला. माझे हात वाचवाया. आता काय वाचवायचं ऱ्हायलंच नाय, आसं कुटल्या तोंडानं सांगू?"

मला माझ्या दुकानातला तो हातमोज्यांचा खिळा आठवला आणि स्वतःची एवढी किळस आली की त्या काचेवरच्या घाणीचीही कधी आली नव्हती.

तेवढ्यात मालकीणबाई टेंपोपाशी आल्या. त्यांना फोड दिसले, दिसले नाहीत असं मी म्हणणार नाही. "काच मी बदलून देतो बाई, आता जरा गप्प ऱ्हावा," मी म्हणालो. त्या माझ्याकडे न बघताच पदूला म्हणाल्या, "हा बंब पुन्हा फाटकाच्या आत घ्यायचा नाही. आणि यांना सांग, बाकीच्या काचा पहिल्यासारख्या ॲसिडनंच करा. त्यानं कधी काही झालं नाही."

त्यानं कधी काही झालं नाही! माझ्या तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली, आणि त्याचा आजही पश्चात्ताप होतो.

पदू मुकाट्यानं कोठीतून कॅन घेऊन आला. चंद्राबाईनं हात पुढे केला, तोच, फोडांचा. तिला भांडण मिटवायचं होतं. "आन हिकडं," ती म्हणाली. "मला तसंबी आता काय लागत नाय."

सदूनं मध्येच कॅन घेतला. मला वाटलं आता हा तो काचेवर फेकतो, आणि खरं सांगू, फेकावा असंच मला वाटत होतं. पण तो लॉनवरून शांतपणे चालत गेला आणि मालकीणबाईंच्या पायांशी कॅन ठेवला. फडकंही ठेवलं, नीट घडी करून.

"घ्या," तो म्हणाला. "तुमी घासा."

मग त्यानं बंबातला विस्तव विझवला आणि आम्ही थेट कर्जतला दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. बोटांच्या शिरा मेल्यात, परत येतील की नाही ते सांगता येत नाही, असं ते म्हणाले. हाताला बांधलेल्या पट्टीकडे बघून चंद्राबाईनं विचारलं की भाकऱ्या कधीपासून करता येतील.

तो बंगला सुटला, त्याच्या शेजारचे दोनही सुटले. बाकीचे आहेत. तिथे सदू बंब घेऊनच जातो. आठवड्याभरानं मी काटा घेऊन सकाळीच त्याच्या घरी गेलो, ड्रमला बसवायला. मागच्या दारी चुलीवर हंडा होता. चंद्राबाई खांद्यावर लुगडं टाकून न्हाणीच्या दारात उभी होती, पट्टीचा हात वर धरून. सदू न्हाणीत उकिडवा बसून बादलीत विसण घालत होता. एक तांब्या घातला, कोपर बुडवलं, आणखी अर्धा घातला, पुन्हा कोपर बुडवलं. त्याला ते जमत नव्हतं. मी आल्याचं दोघांनाही कळलं नाही.

"कसं हाय?" तिनं विचारलं.

"कोमट हाय," सदू म्हणाला. "घे."