पावसाचं पाणी, नळाचं पाणी

भोरमधल्या ज्या भिंतीला आमच्या वन्संनी अजून हात लावलेला नाही, ती भिंत बांधायची राहिली आहे असं खुशाल समजावं. वन्सं म्हणजे आमच्या ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांचे मिस्टर दुकानांचे विमे उतरवायचे. ते गेल्यावर ते काम वन्संनी हातात घेतलं, आणि तेव्हापासून गावातल्या पाइपांना निवांतपणा म्हणून मिळालेला नाही. कुणाकडेही गेल्या की त्या आधी छताकडे बघतात, मग तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा भिंतीला पालथा हात लावतात आणि त्यानंतर घरच्या माणसांची खुशाली विचारतात. ओल लागली की नुसतं “हं” म्हणतात. त्या ‘हं’ने भल्याभल्या दुकानदारांचा घास घशात अडकलेला मी पाहिला आहे.

सारोळ्याला हायवेलगतच्या मंगल कार्यालयात माझ्या भाचीचा साखरपुडा होता. सगळे मुलीकडे बघत होते आणि वन्सं मुलीच्या डोक्यावरच्या छताकडे. तिथे पोपडे सुटले होते. वरच्या मजल्यावर न्हाणीघर आहे का, एवढंच त्यांनी मालकाला विचारलं आणि त्याचं उत्तर यायच्या आत दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना उठवून पाट, खुर्च्या, ताटं सगळं पलीकडे सरकवायला लावलं. मुलाची आई जी रुसली ती रुसूनच बसली. पण मुलीची ओटी भरेतो मूळ जागेवर थेंब गळायला लागले, तेव्हा कुठे तिची कळी खुलली. मालक हात जोडत विमा उतरवायला धावला, तर वन्संनी त्यालाच झापलं. आधी पाइप बदला, मग माझ्याकडे या, म्हणाल्या.

राहत्या घराचा विमा त्या सहसा उतरवत नाहीत. दुकानं, दवाखाने, गोदामं एवढंच बघतात. मी एकदा कारण विचारलं. “घरात माणसं असतात गं, ती बघतात,” त्या म्हणाल्या. “दुकान बिचारं रात्री एकटं असतं.”

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावतं. पावसाचं पाणी देवाचं, नळाचं पाणी कंपनीचं. म्हणजे भिंतीतला पाइप फुटून माल भिजला तर विमा कंपनी भरपाई देते, पावसाची ओल मुरून भिजला तर देत नाही. हे ऐकायला सोपं आहे. पण आमच्या भोरला आषाढात माणूससुद्धा आतून ओला असतो, तिथे कुठल्या भिंतीत कुणाचं पाणी आहे हे सांगायचं कसं? तात्यांच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

तात्या मूळचे मार्गासनीचे. भोरच्या बाजारात त्यांचं गणवेशाचं दुकान आहे आणि वेल्ह्याकडच्या बऱ्याच शाळांना गणवेश तेच पुरवतात. दुकानाचा विमा वन्संनीच उतरवलेला. वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. एका सोमवारी तात्यांनी शटर वर केलं, तर मागच्या भिंतीवरून पाणी ओघळत होतं आणि खोकीच्या खोकी भिजली होती. निळ्या चड्ड्यांचा रंग पांढऱ्या सदऱ्यांना लागून सगळ्याला आभाळ आलं होतं. शाळा उघडलेल्या, माल द्यायचा बाकी, आणि नवा माल भरायला हाताशी काही नाही. तात्या आयुष्यात पहिल्यांदा दुकानाच्या पायरीवर बसले होते, असं शेजारचे सांगत होते.

वन्सं पोचल्या तेव्हा प्लंबर भिंत फोडायला छिन्नी लावून उभा होता. त्यांनी ती छिन्नी काढून स्वतःच्या पिशवीत टाकली. वरचा कॉक बंद करायचा, माल हलवायचा, पण कंपनीचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत पाइपाला कुणी हात लावायचा नाही. दातांचे डॉक्टर बादल्यांवर दवाखाना चालवू लागले आणि जिना उतरताना वन्संकडे बघेनासे झाले. मला घरून बोलावून घेतलं होतं. कोरडं इकडे, ओलं तिकडे, आणि प्रत्येक डागाळलेला सदरा मी दोन्ही हातांनी पसरून धरायचा, वन्सं मोबाईलवर फोटो काढणार. विमा कंपनीच्या दप्तरात आजही माझ्या बांगड्या असतील.

बुधवारी पुण्याहून सर्व्हेअर आला. तरुण, नम्र मुलगा. त्याने सगळं मन लावून पाहिलं, मागच्या बोळात जाऊन भिंतीवरचं हिरवं शेवाळ पाहिलं, शेजारच्या दुकानाची ओली भिंत पाहिली आणि ओशाळून म्हणाला की ही पावसाची ओल दिसते, मला तसंच लिहावं लागेल. त्याचं चुकत होतं असं म्हणवत नव्हतं.

“ऱ्हाऊ द्या ताई,” तात्या म्हणाले. “आपल्याकडं कुनाची भित कोरडी हाय? म्या आता दुकान आवरतं घेतो. लई वर्सं केलं.”

वन्संनी सर्व्हेअरला खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाल्या, “साहेब, तासभर थांबा. भिंतीलाच विचारू.” मग प्लंबरला बरोबर घेऊन त्या गच्चीवर गेल्या, दवाखान्याच्या टाकीत कपड्यांच्या निळीची बाटली रिकामी केली आणि बंद कॉक उघडायला लावला.

या खटाटोपात डॉक्टरांना सांगायचं मात्र राहून गेलं. वर वेल्ह्याकडच्या एक म्हाताऱ्या आजी दाढ काढून उठल्या होत्या. त्यांनी पाणी आलेलं बघून नळाखाली पेला धरला, चूळ भरली आणि बेसिनमध्ये निळंशार टाकलं. डॉक्टर घाबरे होऊन जिना उतरले. त्यांच्यामागून गाल धरून आजी उतरल्या, पण त्यांचा चेहरा मोठा समाधानी. “दातातलं इख निघालं बाई समदं,” त्या म्हणाल्या. ती नुसती नीळ आहे, पुन्हा बादलीतल्या पाण्याने चूळ भरा, असं वन्संनी त्यांना पटवायचा प्रयत्न केला. पण आजींना विषच जास्त पटलं होतं.

तेवढ्यात सर्व्हेअर खुर्चीवरून उठला. भिंतीच्या मधोमध निळा ठिपका उमटला होता. बघता बघता त्याची रेघ झाली आणि ती माल ठेवायच्या फळ्यांच्या मागून खाली आली. तात्यांनी नमस्कार केला. तो भिंतीला की वन्संना, ते कळलं नाही.

सर्व्हेअर लिहायला लागला, तेव्हा वन्संनी स्वतःच त्याला थांबवलं. कोपऱ्यात जमिनीलगतची ओल निळी झालेली नव्हती. तिथली चार खोकी पावसाने भिजलेली, ती दाव्यातून काढा, म्हणाल्या. तात्यांनी आ वासला. आपलं माणूस असून आपलाच दावा कमी करते, हे काही त्यांना कळेना.

“तात्या, खोटं एक खोकं घातलं ना, तर खरी सगळी बुडतात,” वन्सं म्हणाल्या आणि त्यांनी ती खोकी आपल्या हाताने वेगळी काढली.

सर्व्हेअरचा अहवाल चांगला गेला, तरी पुण्याच्या ऑफिसात फाइल अडली. कुणी रजेवर, कुणाची बदली. वन्सं एसटीने जायच्या, डबा घेऊन साहेबाच्या टेबलासमोर बसायच्या, भांडायच्या नाहीत. काय राहिलं, एवढंच विचारायच्या आणि परत यायच्या. पुढे पुढे साहेब त्यांना बघून शिपायाला आधी चहा आणि मग फाइल आणायला सांगू लागला. दरम्यान तात्यांनी शेजाऱ्याच्या भरवशावर थोडा माल उचलला आणि शाळांना जमेल तसा पोचवला. दुकान त्यांनी बंद केलं नाही. ताई बसून आहे तोवर मी कसा उठू, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे.

दिवाळीच्या तोंडावर दावा मंजूर झाला. पुण्याहून उतरून वन्सं थेट आमच्याकडे आल्या. आता सगळी कथा ऐकायला मिळणार म्हणून मी आधण ठेवलं. “झालं गं तात्यांचं,” एवढंच त्या म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. मी चहा घेऊन बाहेर आले तर त्यांना बसल्या जागी झोप लागली होती. पिशवी मांडीवर तशीच, एक चप्पल पायातून निसटलेली. भर दुपारी वन्सं झोपलेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. चेहऱ्यावरचा तो करारीपणा जागेपणीच त्या धरून ठेवत असाव्यात. झोपेत तो सुटला होता आणि खाली एक दमलेली, बरीच म्हातारी झालेली बाई होती. केस इतके पांढरे कधी झाले, ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

त्यांच्या पिशवीतला फोन वाजला. मी तो हळूच काढून घेतला आणि मागच्या अंगणात गेले. कुणी हॉटेलवाला होता. स्वयंपाकघरातला पाइप फुटला आहे, ताईंना लगेच पाठवा, म्हणत होता. कॉक बंद करा, माल हलवा आणि पाइपाला कुणाला हात लावू देऊ नका, असं मी त्याला सांगितलं.

“आणि ताई?” त्याने विचारलं.

“येतील,” मी म्हटलं. “जरा पडल्यात.”

आत येऊन मी त्यांच्या चहावर बशी झाकली आणि शेजारी बसून राहिले.