मारोतीकाकांचं तांब्याभर पाणी

नवी सडक झाली की मारोतीकाका घरून पितळी तांब्या भरून आणत, सडकेच्या बरोबर मध्यावर ओतत आणि उकिडवे बसून बघत राहत. मी गावच्या शाळेत नव्याने रुजू झालो होतो. वाटलं, म्हाताऱ्याचा काही नवस असेल. विचारलं, तर त्यांनी मला शेजारी बसवून घेतलं. "बघा गुरुजी, पाणी दोन्ही काठाला जायलंय का. गेलं तर सडक जगंल. हितंच थांबलं तर खाली खडी कमी पडली समजा, मग वरून कितीबी काळी करा, एका पावसाळ्यात उखडंल."

काका सरकारी मैलकुली होते. सोनपेठच्या रस्त्याचे तीन मैल त्यांच्याकडे. खड्डा पडला की मुरूम भरायचा, कडेचे चर मोकळे ठेवायचे, झाडांना चुना-गेरू लावायचा. ते निवृत्त झाल्यावर ती जागा भरलीच नाही आणि सगळ्या सडका गुत्तेदारांकडे, म्हणजे ठेकेदारांकडे, गेल्या. "सडक टिकली तर गुत्तेदाराला फिरून काम कशाचं मिळंल?" हे ते इतक्या शांतपणे विचारायचे की चीड मला यायची.

मग आमच्या गावाची सडक मंजूर झाली. ती पक्की झाली की एस.टी. गावात येणार होती आणि काकांची नात सारिका गंगाखेडच्या कॉलेजात जाणार होती. दहावीला पोरगी शाळेत पहिली आलेली. तिच्या बापाची अट एवढीच होती, बस गावातून निघावी आणि गावातच परत यावी. त्यामुळे काका त्या कामावर रोज जाऊन बसायचे. "आजा, आज किती झाली?" ती संध्याकाळी विचारायची आणि काका हात पसरून दाखवायचे.

गुत्तेदार वजनदार माणूस. त्याचा मेहुणा पंचायत समितीत, म्हणजे काम मागणारा आणि मंजूर करणारा एकाच ताटात जेवणारे. गावाला त्यानं देवळापुढं सभामंडप बांधून दिला, तालमीला गादी दिली, आणि शाळेला लोखंडी गेट कबूल केलं. गेट मला हवं होतं. व्हरांड्यात डुकरं येऊन बसायची. शिवाय ज्याला त्याला काही ना काही मिळालं होतं, मग खडीचा थर किती पडतोय हे विचारणार कोण?

तपासणीचा रिवाज असा की, पाच पंचांसमोर दोन ठिकाणी सडक खणायची, थर मोजायचा आणि पंचनाम्यावर सह्या करायच्या. कुठे खणणार हे सगळ्या गावाला आधीच माहीत होतं. त्या दोन जागी थर पुरा टाकलेला होता आणि खूण म्हणून काठाला चुना लावलेला दगड. काकांनी मात्र वीस पावलं पुढं जाऊन तांब्या ओतला. पाणी जागचं हललं नाही.

"साहेब, हितं खंदा."

तपासणीला आलेल्या साहेबांनी आधी गुत्तेदाराकडे पाहिलं. "काका, जागा नियमानं ठरते."

काका माझ्याकडे वळले. "गुरुजी, पाच जणांत तुमी शिकलेले. तुमी सांगा."

मी माझ्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणालो, "चहा निवतोय, सह्या उरकून घेऊ." पहिली सही मीच केली. माझी पाहून बाकीच्या चौघांनी केल्या.

आठवड्यात शाळेला निळं गेट लागलं. जूनमध्ये एस.टी. आली, सारिका दीड महिना कॉलेजला गेली. पोळ्याच्या आधीच सडक उखडली, बसचा पाटा तुटला आणि डेपोनं फेरी बंद केली. पुढच्या उन्हाळ्यात सारिकाचं लग्न झालं. मी अर्ज घेऊन कचेऱ्या झिजवल्या. कारकुनानं फाईल काढून दाखवली. "पंचनामा चोख आहे गुरुजी. पहिली सही तुमचीच की." त्या कारकुनाचा मला अजून राग येतो, आणि तो बिचारा तर खरंच बोलला होता.

काकांनी हा विषय माझ्यापुढे कधी काढला नाही. शेवटच्या आजारात भेटायला गेलो, तेव्हा मीच माफी मागितली. आढ्याकडे बघतच ते म्हणाले, "सही केली त्याचं काय न्हाई गुरुजी. सरकारी कागदं, लोक करत्यात. पर समोर पाणी थांबलेलं दिसायलतं, अन् तुमी चपलाकडं बघायलते. ते लय लागलं."

ते गेल्यावर दिवसकार्याला आलेल्या सारिकानं तो तांब्या माझ्याकडे दिला. "आजा म्हणायचे, गुरुजींला द्या." काही दिवस मी तो कपाटात, नजरेआड ठेवला होता.

यंदा तीच सडक पुन्हा मंजूर झाली. गुत्तेदारही तोच, आता तो स्वतः निवडून आलाय, त्यामुळे मेहुण्याचीही गरज उरली नाही. मी निवृत्त झालो तरी पंच म्हणून बोलावणं आलं. मी तांब्या भरून नेला. पाणी मध्येच थांबलं. "साहेब, इथं खणा," मी म्हणालो. नव्या साहेबांनीही आधी गुत्तेदाराकडेच पाहिलं.

"गुरुजी, तुमची सही नसली तरी चालंल," गुत्तेदार गोड आवाजात म्हणाला. "चार पुरत्यात."

मी चौघांकडे वळलो. त्यांच्यात सारिकाचा बापही होता. त्याचा ट्रॅक्टर आता गुत्तेदाराच्या कामावर लागलाय. "पाणी बघा," मी म्हणालो, "आणि तुम्ही तरी सांगा."

चौघंही आपापल्या चपलांकडे बघत होते.