मगजाचे दूध

भिजवलेला मगज पाट्यावर वाटताना जो वास सुटतो त्याला नाव नाही. लोण्याचा म्हणावा तर तो नव्हे, बदामाचा म्हणावा तर तेवढा श्रीमंत नव्हे. कोवळ्या काकडीची फोड उन्हात विसरून राहावी आणि दुपार कलल्यावर तिच्याजवळ जावे, तेव्हा असा काहीसा गोड, गार, पुसट दरवळ येतो. मगज म्हणजे खरबुजाच्या सोललेल्या बिया. त्या वाटून, फडक्यातून पिळून जे पांढरेशुभ्र पाणी निघते त्याला आमच्याकडे दूधच म्हणतात. त्या दुधाचा वास आजही कुठे आला की माझ्यासमोर अकोल्याचे ते कार्तिकातले ऊन उभे राहते: पिवळे, विरळ, आणि जिनिंगकडून उडत येणाऱ्या कापसाच्या तंतूंनी किंचित धूसर झालेले.

माझे लग्न होऊन तेव्हा दुसरे वर्ष चालले होते. पन्नासचे दशक सरून साठचे नुकतेच लागले होते. माहेर वरूडजवळच्या खेड्यात, वडिलांच्या लहानशा संत्र्यांच्या बागेत; मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण अमरावतीला, मावशीकडे; आणि संसार अकोल्यात, भाड्याच्या दोन खोल्यांत. यजमान अमरावतीच्या कचेरीत नोकरीला होते. शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडीने यायचे आणि सोमवारी पहाटे परतायचे. आठवड्याचे उरलेले दिवस मी, सासरे आणि सासूबाई. सासऱ्यांना मी मामाजी म्हणत असे, सासूबाईंना आत्याबाई. मामाजी एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचे वजन करायचे. अबोल, सरळ माणूस. भोंगा झाला की निघायचे, भोंगा झाला की यायचे, आणि त्या दोन भोंग्यांच्या मधले आपले आयुष्य कधी घरात आणायचे नाहीत. घराला आवाज होता तो आत्याबाईंचा. उंच, काटक, सावळी बाई. त्यांच्या बोलण्याला धार होती, पण त्या धारेने कधी कोणी कापले गेल्याचे मला आठवत नाही.

त्या आश्विनात त्यांना मुदतीचा ताप आला. एकवीस दिवस तो अंगात राहिला आणि उतरला तेव्हा जाताना सगळे घेऊन गेला. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डोक्याचे केस मुठीमुठीने येऊ लागले. न्हाणीपर्यंत जायचे तर एका बाजूने मी आणि दुसऱ्या बाजूने भिंत. डॉक्टर येऊन नाडी पाहून गेले आणि ओट्यावर उभे राहून मला म्हणाले, "ताप गेला आहे. पण आता अंगात काही राहिलेलं नाही. दूध द्या, भरपूर दूध. नाहीतर दुसरं काही निमित्त होईल आणि मग मला बोलावून उपयोग नाही."

अडचण तिथेच होती. आत्याबाई दूध घेत नसत. दूध नाही, दही नाही, ताक नाही, चहासुद्धा कोरा. घरात रोज शेरभर दूध येई, त्या स्वतः ते तापवत, साय काढत, मामाजींना पेला भरून देत. पण बोटाला लागलेला थेंबही लुगड्याला पुसून टाकत. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटले होते की काही व्रत असेल. यजमानांना विचारले तर ते म्हणाले, "रिद्धपूरला गेली होती तेव्हा सोडलं म्हणतात. मला कळतं तसं ती पीतच नाही." आपल्याकडे माणसे तीर्थाला जाऊन आवडीचा पदार्थ सोडून येतातच. त्यामुळे कोणी खोलात गेले नव्हते. मीही नाही.

त्या शनिवारी यजमानांनी आईची समजूत घातली, मग रागावले, मग नुसते उशाशी बसून राहिले. आत्याबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "तू नोको जीव खाऊ बाबू. दूध मी नाई पेत. दुसरं जे देसान थे खातो." पण दुसरे खाल्लेले पोटात ठरत नव्हते. भाकरी गिळवत नव्हती, वरणाचे पाणी दोन घोटांपुढे जात नव्हते.

अमरावतीला मावशीच्या शेजारी एक मारवाडीण राहत असे. उन्हाळ्यात ती मगज वाटून थंडाई करायची आणि आम्हा मुलींना अर्धा-अर्धा पेला द्यायची. सोमवारी यजमान गेल्यावर मला ते एकाएकी आठवले. आत्याबाईंनी स्वतःच वैशाखात पूर्णेकाठच्या खरबुजांच्या बिया धुऊन, वाळवून, दुपार-दुपार बसून सोलल्या होत्या. बरणीत त्या होत्याच. डॉक्टरांना विचारून आले. ते म्हणाले, पातळ करून थोडे थोडे द्या. नेमकी त्याच दिवशी माहेरहून आंबिया बहाराच्या संत्र्यांची टोपली आली होती. मला वाटले, देवच सारे जुळवून आणतो आहे. मगज वाटला, धोतराच्या मऊ फडक्यातून गाळला, खडीसाखर विरघळवली आणि मोठ्या हौसेने त्यात संत्र्याचा रस ओतला.

पाहता पाहता ते फाटले. पांढऱ्या धाग्यांचे पुंजके वर आणि खाली पिवळट पाणी. बागाइतदाराची मुलगी मी, आंबट रसाने दूध फाटते हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण हे दूध दूधच नाही, तेव्हा ते फाटणार नाही, असा भाबडा हिशेब मी मनात केला होता. माझे डोळे भरून आले. दारातून आत्याबाई पाहत होत्या. कित्येक दिवसांनी त्या हसल्या. "कावं, मी नाई म्हनतो तं तुयं दूध बी नाई म्हनून रायलं!"

दुसऱ्या दिवशी सीताफळ घेतले. डोळे उघडलेले, हाताला मऊ लागणारे. त्याचा गर फडक्यातून बियांवेगळा करून मगजाच्या दुधात कालवला. ते फाटले नाही. उलट त्याला साईसारखा दाटपणा आला आणि त्या फळाचा तो वाळूसारखा रवाळ गोडवा त्यात मुरला. आत्याबाईंनी दोन घोट घेतले, चांगले आहे म्हणाल्या, आणि पेला खाली ठेवला. तिसऱ्या दिवशीही दोनच घोट. चौथ्या दिवशी मी विहिरीवरून परतून अंगणात शिरत असताना त्या एकट्या उठायला गेल्या आणि उंबऱ्याशी कोसळल्या. मामाजी त्याच वेळी घरी आले होते. त्यांनी आत्याबाईंना उचलले, आणि उचलताना त्यांच्या चेहऱ्यावर जे भय मी पाहिले ते वजनाचे होते. आयुष्यभर तोलाचे काम केलेल्या माणसाला हातात किती थोडा भार आला हे न सांगता कळले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाट्यापाशी होते. त्या दिवशी कामावर न गेलेले मामाजी स्वयंपाकघरात आले. दोन वर्षांत ते त्या खोलीत एकदाही आलेले नव्हते. त्यांच्या हातात पितळी लोटी होती. ती त्यांनी चुलीजवळ ठेवली आणि भिंतीकडे पाहत म्हणाले, "अर्ध हे घाल. पांढऱ्यात पांढरं, तिले काय समजते! पाप लागलं तं मले लागीन." आणि मी काही बोलण्याआधीच निघून गेले.

लोटीत ताजे, तापवलेले दूध होते.

ते मी घातले, हे इथे सांगितलेच पाहिजे. मला डॉक्टरांचे शब्द आठवत होते, उंबऱ्यावरचे ते कोसळणे आठवत होते. जीव मोठा की नेम मोठा, असे मी मनाला विचारले आणि मनाने सोयीचे उत्तर दिले. पेला घेऊन मी बाहेर आले. आत्याबाई अंगणात उन्हाला भिंतीशी टेकून बसल्या होत्या. त्यांनी पेला घेतला. आत पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले. इतक्या सहज, इतक्या पूर्ण भरवशाने तो ओठांकडे नेला की माझ्याने पाहवेना. मी त्यांचे मनगट धरले.

"थांबा आत्याबाई. माशी पडली त्यात."

पेला मी काढून घेतला आणि अंगणाच्या कडेला ओतला. त्यांनी त्या ओल्या जागेकडे पाहिले. मग अगदी हळू म्हणाल्या, "दूध होतं ना त्यात?"

मी मान खाली घातली. "हो."

"मले वास आल्ता, तू उंबरा वलांडला तवाच. अठ्ठावीस वर्सं न पेता तापोतो मी दूध. मले वास नाई समजनार?"

"मग पेला तोंडाला का लावलात?"

"पाहून रायली होती," त्या म्हणाल्या, "तू पाजतं का नाई थे." त्यांनी ओसरीकडे नजर टाकली. "त्याईनं आनून देल्लं आसन."

मी रिकामा पेला खाली ठेवला. माझा हात धरून त्यांनी मला शेजारी बसवले, आणि जे या घरात अठ्ठावीस वर्षांत कोणी विचारले नव्हते ते मी विचारले. "आत्याबाई, तुम्ही दूध का सोडलं?"

कापसाचा एक तंतू तरंगत येऊन त्यांच्या लुगड्यावर बसला. तो त्यांनी उचलला आणि बोटांत फिरवीत बोलू लागल्या. यजमानांच्या आधीची एक मुलगी होती. शकू. सहा वर्षांची. तिलाही असाच मुदतीचा ताप आला होता. तेव्हाच्या वैद्यांनी दूध वर्ज्य सांगितले होते. थेंबही द्यायचा नाही, दिला तर पोर हाती लागणार नाही. पोरीला दुधाचे वेड. ती मागे, हात जोडे, रडे. "म्या नाई देल्लं. लोटी उचलून वर शिंक्यावर ठेवली, तिले दिसू नये म्हनून. अठराव्या दिशी गेली. आता हे डाक्तर म्हनते, या तापात दूधच द्या लागते." त्यांनी तो तंतू फुंकरून उडवला. "कोनाचं खरं, काय मालूम. पन तिच्या तोंडी नाई पडलं, थे माया तोंडी कसं पडीन?"

उन्हाची कड भिंतीवरून वर सरकत होती. मग त्या म्हणाल्या, "ऊठ. पाटा इथं आन. मी पाह्यतो तू काय चुकतं थे."

पाटा अंगणात आणला. त्यांच्या हातांत वरवंटा ओढण्याचे बळ नव्हते, पण जिभेत होते. पाणी एकदम घालू नकोस, पळीपळीने घाल. पहिले दूध काढून घे, चोथा परत वाट, दुसरे काढ. संत्र्याची सालं फेकलीस का? ती आण. खडीसाखरेचा खडा त्या सालीवर घास. मी घासला. सालीतले तेल साखरेत उतरले आणि संत्र्याचा सुगंध तेवढा आला, आंबटपणा सालीच्या आतच राहिला. ती साखर विरघळवून वर सीताफळाचा गर घातला. मी पेला भरला. तो त्यांनी पूर्ण घेतला, थांबत थांबत, पण पूर्ण. दुसरा भरायला लावला आणि म्हणाल्या, "हा त्याईले दे."

मामाजी ओसरीत बसले होते. आपला बेत उघडा पडला हे त्यांना कळले असावे. त्यांची मान वर येत नव्हती. त्यांनी पेला घेतला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "दुधावानीच लागते."

"सीताफय हाय त्यात," आत्याबाई अंगणातून म्हणाल्या. आणि जरा वेळाने, अगदी सहज म्हटल्यासारखे, "शकूले आवडे सीताफय."

मामाजींच्या हातातला पेला तसाच राहिला. ते नाव या घरात उच्चारले जात नसे, हे मला त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावरून कळले.

"सीताफय नाई," ते म्हणाले. "बोरं. तिले बोरं आवडत."

"बोरं तं सगळ्याच पोरांईले आवडते. बियाची माया ओवे सीताफयाच्या, इसरले का तुमी?"

"चिचोक्याची ओवे."

"सीताफयाच्या बियाची! म्या सुई देल्ली होती तिले."

वाद वाढत गेला. मामाजी कधी उठून अंगणात आत्याबाईंजवळ जाऊन बसले मला कळले नाही. मी आत फडक्यातला चोथा काढीत राहिले, आणि बाहेर ती दोन माणसे एका सहा वर्षांच्या मुलीच्या आवडीनिवडींवरून हमरीतुमरीवर आली होती.

शनिवारी यजमान आले. आई अंगणात बसलेली पाहून त्यांना बरे वाटले. चपला काढता काढता त्यांच्या कानावर वडिलांचे एक वाक्य पडले आणि ते तसेच थबकले. "कोण शकू?" त्यांनी विचारले. आपल्या आधीचे एक मूल गेले, एवढेच त्यांना माहीत होते. तिचे नाव त्यांना कोणी सांगितले नव्हते. मग आत्याबाईंनी शेजारची चटई हाताने झाडली आणि म्हणाल्या, "बस बाबू. सांगतो."

संक्रांतीला आत्याबाई स्वतः पाणी भरू लागल्या. त्यानंतर त्या अकरा वर्षे जगल्या आणि दुधाचा थेंब त्यांनी अखेरपर्यंत घेतला नाही; घ्या असा आग्रहही पुन्हा कोणी केला नाही. त्यांचा तो नेम म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षा होती, की गेलेल्या मुलीची सोबत सुटू नये म्हणून धरलेले तिचे बोट होते, हे मला आजही ठरवता येत नाही. कधीकधी वाटते, त्यांनाही ते ठाऊक नसावे. मनगट धरायला मला एक क्षण उशीर झाला असता तर त्यांनी खरेच प्यायले असते का, हे विचारायचे मात्र माझ्याकडून राहूनच गेले.