अजितचे रिकामे रस्ते

मेधाचा फोन आला तेव्हा मी आयर्लंडमधल्या नावनच्या हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये सूप घेऊन बसलो होतो. "विनय, तू ठीक आहेस ना? तुला कुठे लागलं नाही ना रे?" मला आधी काही कळेचना. म्हटलं, "मला काय होणार? ड्यूटीवर आहे." "ड्यूटीवर? कुठे?" "इथेच, नावनला." ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मग अजितबरोबर कोण होतं?" मी म्हटलं, "कोणी नाही." तिचा नवरा, माझा मित्र अजित, सकाळी इटलीतल्या सार्डिनियात सायकल चालवताना अपघातात गेला होता. तिथल्या पोलिसांनी तिला कळवलं, आणि त्यानंतर तिने पहिला फोन केला तो माझी चौकशी करायला. तिच्या समजुतीप्रमाणे मी त्याच्याबरोबर होतो. याला आता सहा आठवडे झाले, पण ते सूप, तो फोन आणि तिचा तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

अजित पुण्याचा, इथल्या ॲथलोन गावात एका टेलिकॉम कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा. मी नागपूरचा, भूल देणारा डॉक्टर; अजित मला नुसतं 'डॉक्टर'च म्हणायचा. एका शाळेच्या हॉलमधल्या गणपतीत आमची ओळख झाली आणि पुढच्याच रविवारी त्याने मला सायकलवर बसवलं. पुणेकराला साजेशा ठामपणाने त्याने सांगितलं होतं, की ज्या रस्त्याच्या मधोमध गवत उगवलंय तोच रस्ता सायकलवाल्याचा. ॲथलोनच्या आसपास असे रस्ते खूप. दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं, मध्ये गवताची पट्टी, आणि तासाभराने एखादा ट्रॅक्टर आलाच तर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करणारा शेतकरी. अजितला तेवढीही वर्दळ खपायची नाही. "आज फारच ट्रॅफिक होतं रे," तो गंभीरपणे म्हणायचा.

पाचेक वर्षांपूर्वी त्याला सार्डिनिया सापडलं. समुद्रकिनारा नव्हे, बेटाचा आतला डोंगराळ भाग. त्याची युक्ती साधी होती. जिथे नवा हमरस्ता झालाय, तिथे जुना रस्ता शोधायचा. गाड्या सगळ्या नव्यावर जातात आणि जुना वळणावळणाचा रस्ता तसाच पडून राहतो. हिवाळाभर तो उपग्रहाची चित्रं लावून बसायचा आणि वसंतात आम्ही आठवडाभर जायचो. दगडी गडगे, मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा, बाटल्यांच्या बुचांसाठी साल काढल्यामुळे तांबडीलाल दिसणारी ओकची झाडं. दुपारी गावं अशी बंद व्हायची, की पाणी द्यायलाही कोणी दिसायचं नाही. मला तो एकांत कधीकधी अंगावर यायचा. अजितचा चेहरा मात्र तिथे खुलायचा. ऑफिसात दिवसभर मीटिंगांमध्ये बोलून दमलेला हा माणूस तिथे पाच-पाच तास एक शब्द न बोलता आनंदात असायचा.

एकच भानगड होती. भारतात आपण डावीकडून चालवतो, आयर्लंडमध्येही डावीकडूनच. सार्डिनियात उजवीकडून. गर्दीच्या रस्त्यावर ही चूक होत नाही, समोरची गाडीच अक्कल शिकवते. रिकाम्या रस्त्यावर शिकवायला कोणी नसतं. कुठे थांबलो, पाणी प्यालो, फोटो काढले आणि पुन्हा निघालो, की अजित बिनदिक्कत डाव्या बाजूने सुटायचा. दर वेळी. म्हणून तो पुढे आणि मी मागे, अशी आमची पद्धत पडली. प्रत्येक थांब्यानंतर मी ओरडायचो, "उजवीकडे रे!" आणि तो मागे न बघता हात वर करून बाजू बदलायचा. त्या सगळ्या सहलींत माझं म्हणून काही काम असेल तर तेवढंच.

यंदा मी गेलो नाही. ड्यूटीचा रोटा बदलून मिळत नाही असं त्याला सांगितलं. खरं म्हणजे मी मागितलाच नव्हता. गुडघे कुरकुरत होते, कंटाळा आला होता, एक वर्ष घरी पडून राहावंसं वाटलं. तो म्हणाला, "ग्रँड, काही हरकत नाही. मी एकटा जाईन. फक्त मेधाला सांगू नकोस, ती सोडायची नाही." मी हो म्हटलं. तो निघाला त्या दिवशी मेधाचा मेसेज आला, "दोघं जपून जा रे." मी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये उभा होतो. उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

पोलिसांनी नंतर मेधाला पत्राने कळवलं ते एवढंच. गावाबाहेरच्या झऱ्यापासून जेमतेम शंभर पावलांवर, वळणावर, तो डाव्या बाजूला होता. समोरून चारा भरलेला छोटा ट्रक आला. चूक ट्रकवाल्याची नव्हती. हे वाचल्यावर मी ते पत्र मेधाला परत दिलं आणि अंत्यसंस्काराला लोकांच्या मागे उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या रविवारी तिने मला ॲथलोनला बोलावलं. "कप त्या प्रेसमध्ये आहेत, घे," ती कपाटाकडे हात करून म्हणाली. चहा झाला. मी दहा वेळा मनात घोकलेलं वाक्य बोललो, "मेधा, मी तुला सांगायला हवं होतं." "हो," ती म्हणाली, "हवं होतं." मग तिने फोन टेबलावर ठेवला आणि अजितने तिथून पाठवलेले आवाजी निरोप लावले. एकूण तीन.

"पोचलो गं. डॉक्टर आल्या आल्या आडवा झालाय. उद्या चढ आहे म्हटल्यावर त्याचं तोंड बघायला हवं होतंस."

"आज दिवसभरात दोनच गाड्या! डॉक्टर नको नको म्हणत दोन आइस्क्रीमं खाऊन बसलाय."

तिसऱ्यात मागे पाण्याचा आवाज होता. "झऱ्यावर थांबलोय. डॉक्टर बाटल्या भरतोय. त्याचं झालं की निघतो…" त्यानंतर थोडा वेळ नुसतंच पाणी वाहत राहिलं.

मला रडू आवरलं नाही. मेधा रडली नाही. तिने ते तिन्ही निरोप माझ्या फोनवर पाठवले आणि आपल्याकडचे पुसून टाकले. "मला नाही ऐकवत," ती म्हणाली. "तेव्हा ऐकताना दर वेळी वाटायचं, बरं झालं, विनय आहे बरोबर."

आता रोज सकाळी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, की आत जाण्याआधी मी ते ऐकतो. अजित मजेत असतो. मी चढावर कुरकुरतो, आइस्क्रीम खातो, बाटल्या भरतो. त्या तीन निरोपांत मी त्याला एकदाही एकटं सोडलेलं नाही.