मोळीच्या दिवशी उघडी छाती

"शर्ट काढ," साखर कारखान्याचे चेअरमन म्हणाले. माइक तोंडासमोरच होता, सगळ्या मंडपाला ऐकू गेलं. मी तिसरीत होतो. लाजेनं बटणं निघेनात, ती त्यांच्या माणसानं काढली. गळ्याखालून पोटाकडे उतरलेल्या माझ्या व्रणावर चेअरमननी बोट फिरवलं.

"हे काळीज आपल्या कारखान्यानं दुरुस्त केलंय. बघून घ्या."

टाळ्या पडल्या. मला थंडी वाजत होती.

जन्मापासून माझ्या हृदयाला भोक होतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद. रडलो की ओठ निळे पडायचे. कारखान्याच्या शिबिरातून ऑपरेशन फुकट झालं, हे खरं. वडिलांना गेटवर हंगामी वॉचमन म्हणून घेतलं, हेही खरं. म्हणून हंगामाची पहिली उसाची मोळी गव्हाणीत पडायच्या दिवशी दरवर्षी मला स्टेजवर उघडं उभं करायचे. शाळेत पोरं मला 'कारखान्याचं काळीज' म्हणायची. फार राग यायचा. सांगणार कुणाला?

दवाखान्यातून सोडताना डॉक्टर बोलले होते. वाट मोकळी करताना तिथली झडप कापावी लागली, पुढं ती गळणार, दरवर्षी दाखवायला आणा. पण चेअरमन दरवर्षी माइकवर सांगायचे, पोरगं ठणठणीत हाय. वडिलांनी डॉक्टरपेक्षा माइकवर विश्वास ठेवला. पोराला दाखवायला नेलं तर साहेबांना खोटं पाडल्यासारखं होईल, असं ते म्हणायचे. आम्ही कधीच गेलो नाही.

कॉलेजात जिना चढताना धाप लागू लागली. बाजेवर पडलो की छाती धडधडायची. शेवटी एकटाच संभाजीनगरला गेलो. डॉक्टरांनी मशीनवर दाखवलं, रक्त पुढं जातंय आणि त्यातलं बरंच मागं येतंय. हृदयाची उजवी बाजू फुगली होती. नवी झडप लागणार, आणि तोवर ओझं उचलायचं नाही.

झडपेच्या खर्चासाठी वडील मला चेअरमनकडे घेऊन गेले. ते दुष्काळाचं साल होतं. निम्मा ऊस जनावरांच्या छावणीला गेलेला, लोक कारखान्यावर चिडलेले.

"एकदा दुरुस्त केलं की बे. आता कशापायी कुरकुर?" चेअरमन म्हणाले. "लोकं आधीच तापलेत. औंदा पहिली मोळी तूच टाक. मग बघू झडपेचं."

वडिलांनी हात जोडले. माझ्या वतीनं हो म्हणाले.

मोळीच्या दिवशी मी स्टेजवर चढलो. तेवढ्यानंही धाप लागली. चेअरमननी माइक माझ्या तोंडाशी धरला, आभार मानायला.

"माझी झडप गळतीय," मी म्हणालो. "मी मोळी उचलणार न्हाई. शर्ट बी काढणार न्हाई."

चेअरमन हसले. पोराच्या डोक्यात कॉलेजची हवा गेलीय म्हणाले. मग मंडपही हसला. टाळी एकानंही वाजवली नाही. त्याच संध्याकाळी वडिलांची शिट्टी आणि काठी काढून घेतली.

घरी वडील एवढंच बोलले, "जीव दिला त्यांनी तुला."

"मग त्यांनाच परत देऊ का?" मी विचारलं. ते भिंतीकडे तोंड करून बसले. अजून नीट बोलत नाहीत.

सरकारी दवाखान्यात नंबर लावलाय. कधी येईल, कुणी सांगत नाही. झडप गळतेच आहे. पाण्याची घागर आई आणते, मी बघत बसतो, आणि मला त्याची चीड येते.

पण झडप मिळो न मिळो, यापुढं ही छाती डॉक्टरपुढंच उघडी होईल. दुसऱ्या कुणापुढं नाही.